भावाच्या दारात चूल

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नवरा-बायको घर घेऊनच घराबाहेर पडलो. हे घर म्हणजे एका शाळेची जुनी मिनीबस. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांना स्वस्थ बसवेना. त्यांनी ती बस विकत घेतली आणि पुढची दीड वर्षं पार्किंगमध्ये ठोकाठोक करून पुण्यातल्या आमच्या सगळ्या सोसायटीला वात आणला. आतली बाकं काढली, दोन पलंग बसवले, शेगडी, भांड्यांची फळी, पाण्याची टाकी, टपावर सौरऊर्जेच्या पट्ट्या आणि मागच्या कोपऱ्यात, माझ्या हट्टाने, एक संडास-न्हाणी. ‘गाडीघर’ हे नाव ह्यांनीच ठेवलं. मी तिला बसच म्हणते.

बेत असा की परभणी जिल्ह्यातली आपली माणसं एकदा गाठून यायची. ह्यांचा वसतिगृहातला मित्र माधव वालूरला असतो. माझं माहेर पालमजवळच्या एका खेड्यात, तिथे धाकटा भाऊ ज्ञानू शेती करतो. निघण्याआधी ह्यांनी सगळ्यांना मोबाईलवर निरोप धाडला, की आम्ही येतोय, पण जेवण, झोप, आंघोळ, सगळी सोय गाडीतच आहे, तेव्हा कुणी काही करायचं नाही. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई. मला तो निरोप कोरडा वाटला, म्हणून शेवटी एक वाक्य जोडलं : ‘पाहुणे, पण ओझं नाही.’ त्या वाक्यावर मी तेव्हा खूश होते. आता ते आठवलं की कान तापतात.

पहिला मुक्काम गेवराईच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर झाला. दुसऱ्या दिवशी ढालेगावच्या पुलावरून गोदावरी ओलांडली आणि परभणी जिल्हा लागला. काळीभोर जमीन, वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या (वाळलेली झाडं), पिवळी पडायला लागलेली तूर आणि मध्येच कंबरेएवढी हिरवी ज्वारी. डोंगर नाहीत, त्यामुळे आभाळ रस्त्याला टेकल्यासारखं वाटतं. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला हरभऱ्याच्या आंबीचा (पानांवरच्या आंबट दवाचा) वास होता आणि मी ह्यांना मोठ्या तोऱ्यात सांगत होते, की हा माझा मुलूख, इथलं मला काही शिकवायला नको.

पाथरी, सेलू करत दुपारी वालूरला पोचलो. माधवरावांनी वेशीपर्यंत येऊन ह्यांना मिठी मारली. आधी त्यांनी आम्हाला गावातली जुनी बारव दाखवली. गोल गोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या, तळाशी हिरवट पाणी, आणि वर उभं राहून हाक मारली की ती खालून फिरून येते. हे इंजिनीअर असल्याने तासभर पायऱ्या मोजत बसले. नंतर घरी गेलो. वहिनींनी धपाट्यांचं पीठ मळून ठेवलं होतं, दह्याचं गाडगं काढून ठेवलं होतं. आम्ही सांगितलं, की वाटेत गाडीतच पोहे करून खाल्ले, पोट भरलंय. रात्रीचंही काही करू नका, आम्ही हलकंच खातो.

मग माधवरावांनी एक खोली उघडून दाखवली. भिंतींना नुकता रंग दिला होता. पलंग कुणाकडून तरी आणलेला दिसत होता, चादर कोरी होती, घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या. ‘ही तुमची खोली,’ ते म्हणाले. ह्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, अरे, कशाला एवढी तकलीफ, आम्ही गाडीतच झोपणार, तेवढ्यासाठीच तर ती केली. माधवराव म्हणाले, ‘बरं.’ दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी ह्यांना टोपी-उपरणं दिलं, मला खण दिला. ह्यांनी त्यांना चहाला गाडीत बोलावलं, तर म्हणाले, झालाय माझा. गाडी गावाबाहेर पडल्यावर हे म्हणाले, माधव म्हातारपणी थंड पडलाय. मीही मान डोलावली.

वालूरहून बोरीमार्गे झरीकडे निघालो तेव्हा आभाळ भरून आलं. अवकाळीच्या दोन सरी झाल्या. झरीच्या अलीकडे ह्यांना शेतातल्या एका पाणंदीत गाडी घालून ज्वारीचा फोटो काढायची हौस आली. मी सांगितलं, की ही काळी माती आहे, ओली झाली की बैलालासुद्धा सोडत नाही. पण बायकोचं ऐकलं तर इंजिनीअर कसले? पन्नास पावलांवर मागची चाकं रुतली. जितका जोर लावावा तितकी खाली जात होती.

शेजारच्या रानात मेंढरं बसवलेली होती. धनगराचं बिऱ्हाड होतं : नवरा, बायको आणि नवऱ्याचा भाऊ. तिघंही न बोलावता आले. पऱ्हाट्यांचे भारे आणून चाकाखाली घातले, दगड टाकले आणि आम्हाला आत बसवून मागून रेटलं. दीड तास गेला. गाडी निघाली तेव्हा तिघंही गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते. बाईंनी हात धुऊन तीन दगडांवर चहा ठेवला आणि पहिले दोन कप आमच्यापुढे केले. मी म्हटलं, आम्ही आत्ताच घेतला, आणि बिस्किटांचा पुडा पुढे केला.

ती बाई कप हातात धरून क्षणभर उभी राहिली. ‘आमच्या हातचं चालत नसंल,’ असं म्हणाली आणि कप दिराला दिला. मी घाईघाईने म्हटलं, तसं काही नाही हो, पोटाचा त्रास आहे. ते खोटं होतं. कपाच्या कडेला राख लागलेली मला दिसली होती, एवढंच. मग तिने गाडी आतून-बाहेरून न्याहाळली आणि विचारलं, ‘तुमाला गाव न्हाई का?’ आहे की, मी म्हटलं. ‘मग बिऱ्हाड घेऊन कामून (कशाला) फिरायलाव? आमी फिरतो ते मेंढरापायी.’ आम्ही दोघं हसलो. परभणी येईपर्यंत हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारून हसत होतो. ती हसली नव्हती, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

गंगाखेडवरून बुधवारी पालमला पोचलो. बाजारातून मी वांगी, मेथी आणि दही घेतलं. भावाच्या शेतात वांग्याचं आख्खं वावर उभं असताना मी पिशवीभर वांगी विकत घेऊन माहेरी चालले होते. आपण आपल्या पायावर उभे आहोत, याचा मला अभिमान वाटत होता.

माहेरचं घर आता स्लॅबचं आहे. ज्ञानूने ते दहा वर्षांपूर्वी बांधलं. आई-वडील गेले, त्यालाही बराच काळ झाला. अंगणाच्या तोंडावर विजेची तार खाली आलेली, म्हणून आमची गाडी आत जाईना. ह्यांनी ती दारासमोर, रस्त्याच्या कडेलाच लावली. ज्ञानूची बायको सुमन डोक्यावर पदर घेऊन पायरीवर उभी होती. तिच्या हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या होता. आमच्याकडे लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, वाटेची नजर उतरते म्हणून. हे तेवढ्यात खाली उतरले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, की वायर लावायला प्लग कुठे आहे. त्या गडबडीत ओवाळणं राहिलंच. नंतर तो तुकडा तिने कोंबड्यांना टाकला.

घरात लगबग होती. माझी भाची शिवानी फार्मसी शिकलेली, तिला बघायला शुक्रवारी जिंतूरकडचे पाहुणे येणार होते. मुलगा शिक्षक होता, घराणं चांगलं होतं. एकदा बघून गेले होते. आता त्यांचे मोठे चुलते, नाना, येऊन शेवटचं ठरवणार होते. तीन स्थळं हातची गेली होती. ज्ञानूचं सगळं लक्ष त्या शुक्रवारात अडकलेलं होतं. त्याने मला मुद्दाम आधी बोलावलं होतं. मी सुमनला सांगितलं, आम्ही आहोतच, पण आमचं जेवण मात्र धरू नकोस, तुझ्यामागे आधीच कमी काम आहे का?

‘घरात एवढं शिजायलंय, त्यात दोन माणसाचं काय जड हाय?’ ती म्हणाली.

मी म्हटलं, नको म्हणजे नको. रात्री ज्ञानू एकदा येऊन म्हणाला, की आक्का, शिवानीच्या खोलीत पलंग टाकलाय, आत ये. त्यालाही मी तेच सांगितलं.

आता खरं ते लिहायला हवं. त्रास नको ही सांगायची गोष्ट. मनातली गोष्ट वेगळी होती. मला त्या घरातला अंधारा न्हाणीघराचा कोपरा नको होता. गोधडीचा वास नको होता. चार बायकांच्या हाताखालून आलेलं ताट नको होतं. पुण्यात राहून माझं नाक फार शहाणं झालं आहे. तीस वर्षं मी माहेरी आले, की सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीने परत जायचे आणि दर वेळी काहीतरी सबब असायची. या वेळी सबब चाकांवर आणली होती. आणि हे कुणालाच कळत नाही, अशी माझी समजूत होती.

गुरुवारी मी गाडीच्या कडेला छपराचं कापड ताणलं, शेगडी बाहेर काढली आणि भावाच्या दारासमोर स्वैपाकाला बसले. वांग्याची भाजी केली, भात लावला. येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती. ह्यांना जोर चढला. प्रत्येकाला गाडीत नेऊन पंखा लाव, दिवे लाव, छोटा फ्रीज उघडून दाखव, असा त्यांचा कार्यक्रम दिवसभर चालला. बायका मात्र गाडी बघत नव्हत्या. त्या माझ्या शेगडीकडे बघायच्या, मग ज्ञानूच्या दाराकडे बघायच्या आणि पुढे जायच्या. ज्ञानू सकाळीच शेतात गेला तो दिवेलागणीला आला. न जेवताच आडवा झाला, असं शिवानी म्हणाली. मला वाटलं, पोरीच्या काळजीने असेल.

शुक्रवारी सकाळी मी पोहे परतत असताना गंगूकाकू आल्या. भावकीतल्या, आता ऐंशीच्या घरात. त्या काठी टेकून माझ्याजवळ बसल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून हळूच म्हणाल्या, ‘बरं केलंस बाई. लेकीचा बी हक्क असतो. दारात चूल मांडल्याबिगर भाऊ वठणीवर येत न्हाईत.’

कसला हक्क, काकू, असं मी विचारलं.

‘जमिनीचा. दुसरं काय? गाव काय आंधळं हाय व्हय? तीन दिस झाले, भावाच्या दारात बसून तुझं तू शिजवून खायलीस. वांगीसुदा इकत आणलीस. अन् टाइम बी बरोबर धरलास. आज पाव्हणे यायलेत, आज त्यो न्हाई म्हणू शकत न्हाई.’

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. मला ते कळायला सांगणाऱ्याची गरजच नव्हती. मी सात-आठ वर्षांची असताना आमच्याच आळीत एका बाईने भावाच्या दारात तीन दगड मांडले होते. तिचा नवरा गेला होता आणि भाऊ हिस्सा देत नव्हता. ती रोज तिथेच भाकरी करायची, तिथेच खायची. कुणी तिला काही विचारत नव्हतं, कारण विचारायला काही उरलेलं नव्हतं. महिन्याभराने भावाने मान खाली घालून जमीन दिली, पण त्या घरात पुढे कितीतरी वर्षं कुणी मुलगी दिली नाही की तिथली मुलगी केली नाही. भावाच्या दारातली चूल म्हणजे काय, हे आमच्या गावात जन्मलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मला तर मुळीच लागू नये. आणि मी हक्कसोड पत्रावर सही करून बावीस वर्षं झाली होती. मला काहीच नको होतं. गावाला मात्र सगळं दिसत होतं.

मी ह्यांना ओढून गाडीत बसवलं आणि म्हटलं, गाडी काढा, कुठेही न्या, आत्ताच्या आत्ता. ह्यांनी किल्ली फिरवली. टक् असा आवाज झाला. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. दोन दिवस आभाळ भरलेलं, पट्ट्यांवर ऊन नाही, वायर घरातल्या प्लगपर्यंत पुरली नव्हती, आणि ह्यांनी अख्ख्या गावाला दिवे-पंखे दाखवून बॅटरी पार उतरवली होती. ज्ञानू ट्रॅक्टर घेऊन पालमला पेढे आणि पाण्याचे जार आणायला गेला होता. मी कापडाच्या दोऱ्या सोडायला लागले, तर गाठी सुटेनात. शेगडी तरी उचलावी म्हणून वाकले, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. पाहुणे तासभर आधीच आले होते.

नाना पांढऱ्या धोतरातले, बारीक अंगाचे, शांत गृहस्थ. सोबत त्यांची बायको, मुलाचे आई-वडील आणि आणखी दोन माणसं. पालमच्या एसटी स्टँडवर चहा घेताना त्यांच्या कानावर काहीतरी घातलं गेलं असणार. कारण ते आत गेले नाहीत. अंगणातच उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं आणि पायरीवर आलेल्या सुमनला विचारलं, ‘दारात ही चूल कुणाची म्हणायची?’

शिवानी आतल्या दाराला धरून उभी होती. तिच्या अंगावर नवी साडी होती. मी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहू शकले नाही. खरं सांगावं, तर काय सांगायचं? मला भावाच्या घरचं अन्न नको म्हणून मी बाहेर शिजवते, असं? ते हिश्शाच्या भांडणापेक्षा वाईट होतं.

सुमनने पदर सारखा केला आणि ती सरळ आवाजात म्हणाली, ‘आक्काची हाय. त्यांनी नेम धरलाय. भाचीचं जमंस्तोवर भावाच्या घरचं शिजलेलं खायाचं न्हाई, अन् त्याच्या घरात पाठ टेकायची न्हाई. पुण्याहून एवढ्या लांब त्याच्यासाठीच आल्यात. आमी लय इनवण्या केल्या. ऐकत न्हाईत.’

नानांनी मला हात जोडले. मग ते वळून मुलाच्या वडिलांना म्हणाले, ‘बघा, अशी आत्या आजकाल कुठं हाय?’ त्यांची बायको पुढे आली आणि माझ्या पाया पडली. ती माझ्याहून वयाने मोठी होती. मी पोह्यांची कढई हातात धरून उभी होते, म्हणून तिला धरून उठवूही शकले नाही.

पुढचं सगळं नीट झालं. पुरणपोळ्या, येसराची आमटी (भाजलेल्या डाळी-धान्याच्या मसाल्याची), कुरडया, भजी. पंगत बसली. मी गाडीत मुगाची खिचडी लावून एकटी खात बसले. नेम माझा होता, ह्यांचा नव्हता, त्यामुळे हे पंगतीत बसले, चार पोळ्या खाल्ल्या आणि नंतर माझ्यासमोर येऊन गुन्हेगारासारखे उभे राहिले. मी म्हटलं, तोंड पुसा, तूप लागलंय. जेवणं झाल्यावर नानांची बायको मुद्दाम गाडीत येऊन माझ्याजवळ बसली आणि तिने विचारलं, कोणत्या देवाचा नेम धरलाय. मी म्हटलं, कुलदैवताचा. माझ्या शाळेत कुणा मुलीने असं डोळ्याला डोळा भिडवून खोटं सांगितलं असतं, तर मी तिला वर्गाबाहेर काढलं असतं. ती बाई निघताना पुन्हा पाया पडली.

नानांनी जाताना ज्ञानूला सांगितलं, की सगळे घरी बसून बोलतो आणि आठ दिवसांत कळवतो. गावाचं म्हणणं पालटायला तेवढा वेळही लागला नाही. संध्याकाळी गंगूकाकू पुन्हा आल्या, आणि आधी का बोलली न्हाईस म्हणून मलाच रागावल्या.

उन्हं उतरल्यावर सुमन मागच्या अंगणात भांडी घासत होती. मी जाऊन तिच्याजवळ बसले आणि राख-नारळाची शेंडी हातात घेतली. तिने ती काढून घेतली. मी म्हटलं, सुमन, तू आज माझी लाज राखलीस.

‘तुमच्यासाठी न्हाई बोलले, आक्का,’ ती म्हणाली. ‘पोरीसाठी बोलले.’

तिने हातातली परात विसळून बाजूला ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आमच्या घरचं तुमाला चालत न्हाई, हे मला लगीन होऊन आले तवापासून म्हाईत हाय. त्यांना बी म्हाईत हाय. तेवढं गावाला कळू नये, असं वाटायचं.’

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, काहीतरी उत्तर देता आलं असतं. तीस वर्षं ती माझ्या सबबी ऐकून घेत होती, दर वेळी ‘बरं’ म्हणत होती आणि मी समजत होते, की साधी बाई आहे, तिला काय कळतं! मला तिथल्या तिथे, त्या खरकट्या भांड्यांतली उरलेली पोळी उचलून खावीशी वाटली. पण तेही आता जमणार नव्हतं. शेजारच्या गच्चीवरून बायका बघत होत्या आणि माझा नेम होता.

शनिवारी सकाळी ज्ञानूने ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढली, तेव्हा ती खोकत खोकत सुरू झाली. निघण्याआधी सुमनने मला आत बोलावलं. चार दिवसांत मी त्या घरात पहिल्यांदा पाटावर बसले. तिने ओटी भरली, साडी दिली. आळीतल्या बायका कुंकू लावायला आल्या आणि प्रत्येकीने वाकून नमस्कार केला. एकीने आपल्या सुनेला पुढे ढकललं आणि सांगितलं, पड पाया, अशी माणसं भेटत न्हाईत. मी मान वर केली नाही. त्यांना तो माझा विनय वाटला असेल. ज्ञानूने गाडीत वांग्याचं एक पोतं टाकलं.

परतीच्या वाटेवर गंगाखेड आलं तेव्हा हे अचानक म्हणाले, ‘माधवने ती खोली आपल्यासाठी रंगवली होती, नाही?’

‘हो,’ मी म्हटलं.

त्यांनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून माधवरावांना फोन लावला. परत येऊ का, आज राहायला येतो, असं विचारलं. माधवराव म्हणाले, आज सगळे लग्नाला परगावी चाललोय, पुन्हा कधी तरी या. खरंच लग्न असेल, नसेलही. आम्ही पुढे निघालो. माजलगावच्या पुढे ऊन लख्ख पडलं आणि टपावरच्या पट्ट्या चांगल्या भरल्या, त्याचंही ह्यांना कौतुक करवलं नाही.

पुण्यात सोसायटीच्या लोकांनी आमचा सत्कारच केला. ह्यांनी चिखलात रुतलेली गाडी, उतरलेली बॅटरी, ट्रॅक्टरची ओढ असं सगळं रंगवून सांगितलं. लोक हसले. मला कुणी विचारलं, की माहेरी कसं झालं, तर मी म्हटलं, छान झालं, फार मान दिला. तेही खोटं नव्हतं. माणूस लांब का जातो, तर नवं बघायला, असं मी मुलांना निबंधात लिहायला लावायचे. मी जे बघून आले ते माझ्याच घरातलं होतं आणि ते सगळ्यांनी माझ्याआधी बघितलेलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी सुमनचा फोन आला. ती कधी फोन करत नाही, ज्ञानूच करतो. शिवानीचं जमलं होतं. पुढच्या सोमवारी सुपारी फुटणार होती. नानांनी मुद्दाम सांगितलं होतं, की आत्याबाई पाहिजेत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी शिवानीला आशीर्वाद सांग म्हटलं, ज्ञानूला सांग म्हटलं.

‘मग आक्का,’ ती म्हणाली, ‘नेम सुटला न्हवं तुमचा?’

तिने सांगितलेला नेम एका दुपारपुरता होता. मी पाळलेला तीस वर्षांचा होता. तो तिला ठाऊक होता, मला ठाऊक होता, आणि त्याचं नाव आज पहिल्यांदा आमच्या दोघींत घेतलं जात होतं. मी म्हटलं, ‘सुटला गं. आम्ही एसटीने येतो. तुझ्याकडेच राहू, तू वाढशील ते खाऊ.’

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. ती काहीतरी काम करतच बोलत होती.

‘बघू,’ सुमन म्हणाली आणि तिने फोन ठेवला.